बोट घेतली... पण 'त्याचं' काय?

रात्री पावणेबाराला ताईचा व्हिडिओ कॉल आला आणि माझ्या पोटात गोळाच आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण. लंडनमध्ये एका बँकेच्या आयटीत आहे. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सव्वासात. पण आपल्याकडे रात्री अकरानंतर फोन वाजला की आधी वाईटच मनात येतं, काय करणार!

"घर घेतोय आम्ही!" ताई ओरडली.

"सही! कुठे?"

"ते नाही सांगता येणार. दर चौदा दिवसांनी बदलणार आहे."

मागून भावोजींचा हसण्याचा आवाज. मग ताईने स्क्रीन फिरवून एक फोटो दाखवला. हिरव्या रंगाची, लांबच लांब, अगरबत्तीच्या पुड्यासारखी निमुळती बोट. टपावर सायकल, कुंड्या आणि एक धुराडं. "नॅरोबोट म्हणतात हिला. सत्तावन्न फूट लांब, सहा फूट दहा इंच रुंद. सेकंडहँड. आपल्याला परवडेल अशी लंडनमधली ही एकच मालमत्ता आहे!"

माझा पहिला प्रश्न काय असावा? 'पोहता येतं का तुम्हाला?' नाही. 'बुडणार तर नाही ना?' तेही नाही. मी विचारलं, "ताई, टॉयलेटचं काय?"

दोन सेकंद शांतता. मग ताई म्हणाली, "तोच तर प्रॉब्लेम आहे. तू येतेयस ना जूनमध्ये? रिसर्च तू करायचा. पत्रकार आहेस ना?"

मास कम्युनिकेशनची डिग्री घेताना आपण एक दिवस परदेशातल्या संडासांवर इन्व्हेस्टिगेटिव्ह रिपोर्टिंग करू, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी कॉमर्सलाच राहिले असते. असो!

एवढी चिंचोळी का बुवा?

आधी थोडा इतिहास, प्रॉमिस, अगदी थोडा. इंग्लंडमध्ये १७६०च्या दशकापासून कालवे खणायचा धडाका सुरू झाला. कोळसा, चिनीमातीची भांडी, कापूस, सगळं बोटीतून जायचं. बोट घोडा ओढायचा, म्हणून कालव्याच्या काठाने अजूनही घोड्याची वाट आहे. आज तिथे लोक जॉगिंग करतात. चढ-उतारासाठी पाण्याच्या पायऱ्या केल्या, त्यांना लॉक म्हणतात. खर्च वाचावा म्हणून बऱ्याच ठिकाणी हे लॉक जेमतेम सात फूट रुंद ठेवले. लॉक सात फुटांचा, म्हणून बोट सात फुटांच्या आत. झालं! अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या काटकसरीमुळे आज माझ्या ताईच्या बेडरूमची रुंदी ठरली.

मग रेल्वे आली आणि बोटवाल्यांची कमाई घसरली. काठावरच्या घराचं भाडं परवडेना, तेव्हा अख्खी कुटुंबंच बोटीवर राहायला आली. मागच्या टोकाला दहाएक फुटांची केबिन, त्यात नवरा-बायको, मुलं, शेगडी, सगळं. आणि टॉयलेट? एक बादली. बस्स.

भाडं परवडेना म्हणून बोटीवर. ताई म्हणाली, "बघ, दीडशे वर्षांत काय बदललं? फक्त वायफाय आलं!"

आता हे कालवे 'कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट' नावाची संस्था सांभाळते. इंग्लंड-वेल्समधले साधारण दोन हजार मैलांचे कालवे आणि नद्या २०१२मध्ये सरकारी 'ब्रिटिश वॉटरवेज'कडून तिच्याकडे आल्या. बोटीला लायसन्स लागतं, इन्शुरन्स लागतो, आणि दर चार वर्षांनी सेफ्टी सर्टिफिकेट, म्हणजे आपल्या गाडीच्या पीयूसीचा थोरला भाऊ. कायमची जागा भाड्याने घेतली तर प्रश्न नाही. पण तिचं भाडं लंडनमध्ये पुन्हा डोळे पांढरे करणारं. मग दुसरा मार्ग म्हणजे 'कंटिन्युअस क्रूझिंग'. १९९५च्या कायद्याने सोय आहे: स्वतःची जागा नसेल तर एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. पंधराव्या दिवशी बिऱ्हाड पुढे. त्यातही तेवढ्यातल्या तेवढ्यात मागे-पुढे करून चालत नाही, खरोखर प्रवास दिसला पाहिजे. आणि एप्रिल २०२४पासून अशा फिरत्या बोटींना लायसन्सवर जादा आकारणी सुरू झाली आहे. म्हणजे फुकट काहीच नाही.

ताई-भावोजी या फिरत्या जमातीत जाणार होते. आणि म्हणूनच तो प्रश्न मोठा होता. घर दर चौदा दिवसांनी हलणार, मग घरातलं 'ते' कुठे जाणार?

बोटीला सात-बारा नसतो!

जूनमधल्या एका शनिवारी आम्ही तिघं नॉर्दॅम्प्टनशरमधल्या एका मरीनात बोटी बघायला गेलो. मरीना म्हणजे बोटींचं पार्किंग. ब्रोकरच्या ऑफिसात काचेवर बोटींचे फोटो आणि किमती, थेट आपल्या इस्टेट एजंटसारखं. फक्त 'स्टेशनपासून पाच मिनिटं' लिहिलेलं नव्हतं.

घर घेणं आणि बोट घेणं यात फरक काय, हे मला तिथे कळलं. एक तर होमलोन मिळत नाही. बोट म्हणजे घर नव्हे, तिच्या खाली जमीन नाही! त्यामुळे साठवलेले पैसे नाहीतर जास्त व्याजाचं कर्ज. ताई-भावोजींचे सहा वर्षांचे पैसे होते: पंचावन्न हजार पौंड. कणकवलीला बंगला झाला असता, हे मावशीने आतापर्यंत पंधरा वेळा सांगून झालं होतं.

दुसरं, बोटीला सात-बारा नाही. मालकीची नोंद असलीच पाहिजे असं सरकारी रजिस्टरच नाही. लायसन्स कुणाच्या नावावर आहे यावरून मालक ठरत नाही. म्हणून आधीच्या मालकांच्या विक्रीच्या पावत्या एकामागोमाग एक तपासायच्या. आणि तिसरं, सर्व्हे. बोट पाण्याबाहेर उचलून घ्यायची, सर्व्हेअर अल्ट्रासाऊंडने पत्र्याची जाडी मोजतो. ताई त्याला 'बोटीची सोनोग्राफी' म्हणते. बऱ्याच नव्या बोटींना तळाला दहा मिलिमीटर, बाजूंना सहा आणि टपाला चार मिलिमीटरचं पोलाद असतं. पाण्यात राहून ते गंजत झिजतं. चार मिलिमीटरच्या खाली गेलं की इन्शुरन्सवाले नाक मुरडायला लागतात.

आणि चौथं... आलंच ते.

पहिली बोट अफाट सुंदर होती. लाकडी पॅनेलिंग, छोटीशी लोखंडी शेगडी, गोल खिडक्या. बाथरूममध्ये चक्क घरच्यासारखा कमोड. भावोजी खूश. "परफेक्ट! आणि हे सगळं जातं कुठे?"

ब्रोकर शांतपणे बेडरूमकडे गेला आणि पलंगावर थाप मारून म्हणाला, "इथे."

म्हणजे पलंगाखाली टाकी! शेकडो लिटरची. आपण झोपायचं वर आणि महिनाभराचं 'सेव्हिंग' खाली. मी आणि ताई एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की ब्रोकरने नम्रपणे खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

चार फंडे

तर मंडळी, नाक धरा नाहीतर सोडा, पण माझा रिसर्च वाचाच. बोटीवरच्या टॉयलेटचे चार प्रकार.

पहिला, पम्प-आऊट. वर सांगितलेली टाकी. दोन माणसांना काही आठवडे आरामात पुरते. भरली की मरीनात जायचं, वीस-पंचवीस पौंड द्यायचे, पाइप लावला की मशीन सगळं ओढून घेतं. आपण बघायचंही नाही. तोटा? टाकी भरली आणि मशीनपर्यंत पोहोचता आलं नाही तर खेळ खल्लास. हिवाळ्यात कालवा गोठतो, दुरुस्तीसाठी लॉक बंद असतात, बोट जागची हलत नाही. टाकी तर खांद्यावर घेऊन जाता येत नाही! शिवाय पोलादी टाकी आतून गंजली की ते काम पलंगाखालीच निघतं.

दुसरा, कॅसेट. गाणी ऐकायची नव्हे हो! कमोडच्या खाली बसणारी अठरा-वीस लिटरची प्लॅस्टिकची पेटी. दोन माणसांत दोन-चार दिवसांत भरते. बाहेर ओढायची, हँडल धरून न्यायची आणि कालव्याकाठच्या 'एल्सन पॉइंट'वर रिकामी करायची. एल्सन हे खरं तर कंपनीचं नाव. आपण कशी फोटोकॉपीला झेरॉक्स आणि वनस्पती तुपाला डालडा म्हणतो, तसं तिकडे हे. ट्रस्टच्या लायसन्सवाल्यांकडे एकच चावी असते, ती देशभरातल्या या जागांना आणि पाण्याच्या नळांना चालते. फायदा हा, की जादा दोन पेट्या घेऊन ठेवल्या की बर्फ पडो, लॉक बंद पडो, आपण चालत जाऊ शकतो. तोटा हा, की पेटी उचलायची कुणीतरी लागते.

तिसरा, सेपरेटिंग टॉयलेट, ज्याला लोक कंपोस्टिंग म्हणतात. एक नंबर पुढच्या बाटलीत, दोन नंबर मागच्या डब्यात. दोन्ही एकत्र आले नाहीत तर वास फार कमी येतो. पाणी लागत नाही, केमिकल लागत नाही. डब्यात टाकायला भुसा किंवा काथ्याचा चुरा. हो, काथ्या! आमच्या कोकणात ढिगाने पडलेला असतो तोच. तिकडे त्याच्या विटा पॅक करून विकतात. पण लोचा असा, की खरं खत व्हायला वर्षभर तरी जातं आणि फिरत्या बोटीला परसबाग नसते. पूर्वी लोक पिशवीत बांधून ट्रस्टच्या कचराकुंडीत टाकायचे. २०२१च्या अखेरीपासून ट्रस्टने तेही बंद केलं. मग ठेवायचं कुठे?

चौथा, जाळणारं टॉयलेट. सगळ्याची चिमूटभर राख. ऐकायला एकदम सायन्स फिक्शन! पण किंमत तीन हजार पौंडांच्या पुढे आणि दरवेळी गॅस किंवा वीज खाणार. बोटीवर वीज सोलर पॅनेलची, तीही इंग्लंडच्या उन्हावर. कट!

राहता राहिला थेट पाण्यात सोडण्याचा 'देशी' उपाय. कालव्यात त्याला सक्त मनाई आहे. आणि लंडनने हा धडा एकदा घेतलाय. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्सला अख्ख्या शहराच्या मैल्याचा असा काही वास सुटला की नदीकाठच्या पार्लमेंटमध्ये बसणं मुश्कील झालं. त्यानंतरच शहराखालच्या मोठ्या गटारांना पैसा मंजूर झाला. थोडक्यात काय, साहेबाच्या नाकापर्यंत गेल्याशिवाय फाइल हलत नाही, हे तिकडेही सेम!

"मी नाही उचलत बा!"

आठवडाभरात दोन बोटी फायनलला आल्या. दोन्ही सत्तावन्न फुटी, दोन्ही वीसेक वर्षांच्या, किमतीत हजारभराचा फरक. एकीत पम्प-आऊट, एकीत कॅसेट. बाकी सगळं उन्नीस-बीस.

त्या रात्री भाड्याच्या फ्लॅटमध्ये जेवताना मी माझं प्रेझेंटेशन दिलं. ताई म्हणाली, "क्लिअर आहे. आपण फिरते. हिवाळ्यात अडकलो तर? कॅसेट."

भावोजी म्हणाले, "पम्प-आऊट."

"का?"

"सोपं आहे."

"सोपं कसं? महिन्याला मरीना शोधा, नंबर लावा..."

"अगं पण स्वच्छ आहे ना!"

असं दहा मिनिटं चाललं. शेवटी भावोजींनी खरं कारण सांगितलं. ते पक्के नागपूरकर, मनात काही ठेवत नाहीत. "हे पहा, मी नाही उचलत बा! बाकी काय सांगशील ते करतो. पण आपलीच घाण हातात घेऊन रस्त्याने चालत जायचं... आपल्याकडे कुणी केलंय का असं?"

ताईने चमचा खाली ठेवला. "मग कोण उचलणार?"

कुणीच बोललं नाही. कारण उत्तर तिघांनाही माहीत होतं.

आता भावोजींबद्दल तुमचं वाईट मत होऊ देऊ नका. माणूस खरंच मॉडर्न आहे. भांडी घासतो, इस्त्री करतो, रविवारी पोहे त्याचेच. पण मी सहज विचारलं, "भावोजी, या फ्लॅटचा कमोड कोण घासतं?" लंडनला बाई नसते. ते ताईकडे बघायला लागले. सहा वर्षं ताईच घासत होती आणि सहा वर्षांत हा विषय कधी निघालाच नव्हता. सगळ्या कामांची वाटणी झाली, या एका कामाची नाही. ते आपोआप तिच्या वाट्याला गेलं.

"प्रश्न बोटीचा नाहीये रे," ताई हळूच म्हणाली. "आपले सगळे पैसे यात जाणार. आणि पहिल्याच दिवसापासून एक काम असं असणार, की जे मी एकटीने करायचं आणि तू नाक धरून बाजूला उभा राहायचं. मग मला नकोच बोट."

नेमका त्याच क्षणी मावशीचा कॉल आला. कणकवलीत मध्यरात्र उलटून गेलेली. लेक पंचावन्न हजार पौंड पाण्यात घालतेय म्हटल्यावर बिचारीला झोप कुठली!

ताई वैतागलेलीच होती. तिने सगळं सांगून टाकलं, पेटीसकट. मावशी हबकली. "शी! ह्याच करूक लंडनाक गेलंस?"

भावोजींचा चेहरा उजळला. सासूबाई पार्टीत आल्या!

पण मावशी थांबली. मग म्हणाली, "बाबा करायचे हो हे."

बाबा म्हणजे आमचे आजोबा. मी त्यांना पाहिलेलं नाही. मावशी सांगत होती आणि मी ऐकत राहिले. कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांचा गोपुरी आश्रम आहे, १९४८चा. अप्पासाहेब म्हणजे कोकणचे गांधी. १९३२मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम आपल्यालाही द्यावं म्हणून उपोषणाला बसलेला ब्राह्मण माणूस. मैला डोक्यावरून वाहायचं काम कुठल्याही जातीच्या माथी असू नये, म्हणून त्यांनी आयुष्यभर संडासांचे प्रयोग केले. मैल्याचं खत व्हावं आणि ते ज्याचं त्याने करावं. त्या खताला आपल्याकडे शब्दच आहे: सोनखत. आजोबा तरुणपणी गोपुरीत जायचे, तिथून शिकून आले आणि घरामागे तसाच संडास बांधला. खड्डा भरला की बंद करायचा, वर्षाने स्वतः उपसायचा आणि माडांना घालायचा. वाडीतले लोक हसायचे. खुद्द आजीने त्या माडांचे नारळ स्वयंपाकात घ्यायला नकार दिला होता.

"मगे नारळांचा काय केल्यात?" ताईने विचारलं. आईशी बोलताना ती आपोआप मालवणीवर येते.

"इकले. त्याच पैशांनी माझी डीएडची फी भरली," मावशी म्हणाली. आणि मग आवाज बदलून, अगदी जावयाशी बोलतात तशा ठेवणीतल्या मराठीत, "जावईबापू, तुम्ही काय ते ठरवा. मी आपलं सांगितलं हो. बाबांना त्यात कधी कमीपणा वाटला नाही."

मास्तरीण ती. बेचाळीस वर्षांच्या पोराला, तो जावई असला तरी, न रागावता कसं रागवायचं, ते बरोबर कळतं.

वेंट दाबा, साहेब!

कॅसेटवाली बोट घेतली. सर्व्हेत तळ ठणठणीत निघाला. मागच्या टोकाला पाण्याच्या रेषेजवळ थोडे खड्डे निघाले, त्यावर दीड हजार पौंड कमी करून घेतले. दोन जादा पेट्याही घेतल्या.

पाचव्या दिवशी, माझ्या परतीच्या दोन दिवस आधी, पेटीवरचा दिवा लाल झाला. आम्ही तिघंही तो दिवा आपल्याला दिसलाच नाही अशा थाटात चहा पीत होतो. मग भावोजी उठले, हातमोजे घातले आणि म्हणाले, "चला."

काठाने दहा मिनिटांची वाट. सकाळचं ऊन, बदकं, जॉगिंगवाले. भावोजी पेटी ट्रॉलीवर ठेवून असे चालत होते, जणू आत बॉम्ब आहे. एल्सन पॉइंटवर आमच्या पुढे एक सत्तरीचे आजोबा होते, पायजमा आणि टाय-डायचा टीशर्ट. त्यांनी भावोजींकडे पाहिलं, ओळखलं की नवीन गिऱ्हाईक आहे, आणि खूण करून दाखवलं: ओतताना हँडलजवळचं बटण दाबून धरायचं, म्हणजे आत हवा जाते आणि धार सरळ पडते. नाही दाबलं तर भकाभक उसळून अंगावर!

भावोजींनी बटण दाबलं. दोन मिनिटं. वास? होता. पण औषधाचाच जास्त. मग नळाने पेटी दोनदा विसळली, जागा धुतली, हात धुतले.

"एवढंच?" भावोजी म्हणाले. चेहऱ्यावर असा भाव, की जणू दहावीचा पेपर सोपा गेला. "यासाठी मी सहा वर्षं..." वाक्य अर्धंच राहिलं. ताईने काही म्हटलं नाही. फक्त परत येताना ट्रॉली तिने ओढली.

पुढची पेटी माझी. मीच म्हटलं, नाहीतर लेख खोटा झाला असता. खरं सांगू? पहिला अर्धा मिनिट घशाशी आलं. नंतर जाणवलं, की एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मी बघत होते की 'ते' जातं कुठे. आजवर बटण दाबलं, विषय संपला.

आपल्याकडे कोण दाबतं बटण?

ठाण्याला परतले त्याच आठवड्यात आमच्या बिल्डिंगचा चेंबर तुंबला. नेहमीचा माणूस आला. मी बाल्कनीतून बघत होते. हाफ पँट, हातात बांबूच्या पट्ट्या, पायात चप्पल. मोजे नाहीत, मास्क नाही. सेक्रेटरी काका दहा फुटांवर रुमाल धरून उभे. तो खाली वाकला आणि अर्धा आत गेला.

हे चित्र मी लहानपणापासून पाहिलंय. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं, की आमच्या बेचाळीस फ्लॅट्सची कॅसेट हा एकटा माणूस उचलतोय. आणि आमच्यापैकी एकालाही त्याचं नाव माहीत नाही. कायदा काय म्हणतो? १९९३ला एक झाला, २०१३ला दुसरा, आणखी कडक. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे. तरी टाक्यांत गुदमरून माणसं मरतातच. पेपरात सिंगल कॉलम येतो.

मी खाली गेले. नाव विचारलं. तो आधी घाबरलाच, मॅडम तक्रार करतायत की काय! मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला: पुढच्या वेळी माणूस नको, जेटिंगची गाडी बोलवू. खर्च काढला, तर फ्लॅटमागे एका पिझ्झाहून कमी. तरी एक काका म्हणालेच, "पण तो तर कमी पैशात करतो ना? त्याच्या पोटावर का पाय?" प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. म्हणून ठराव असा झाला: गाडी येईल, आणि ती आली की देखरेखीला तोच राहील, मोजे-बूट सोसायटीचे, पैसे आधीइतकेच. मतदान झालं, एकवीस विरुद्ध सतरा. बाकीचे चौघं आलेच नव्हते. फार मोठी क्रांती नाही. पण गाडी एकदा येऊन गेली.

ताईची बोट सध्या कुठे आहे विचारू नका, मलाही आठवड्याला विचारावं लागतं. परवा तिने फोटो पाठवला. फ्रिजच्या दारावर एक कागद, दोन रकाने, दोघांची नावं आणि बरोबरच्या खुणा. भावोजींच्या रकान्यात एक खूण जास्त होती.

खाली त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'एक तुझ्या आजोबांच्या नावाने.'